आप्पांची पुस्तिका: कामाच्या नोंदी

2 जून 2025

काम ठरलं. नोव्हेंबरात आप्पांचं वर्षश्राद्ध, त्याआधी त्यांच्यावर एक छोटी पुस्तिका छापून हातात हवी. मजकूर माझा, पैसे मामाचे आणि "उगाच देव करू नका त्यांना" ही अट आजीची.

ज्यांनी आप्पांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी: माझ्या आईचे वडील. कोअर ऑफ सिग्नल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन शाखेत, लाइनमन म्हणून भरती झाले, जबलपूरच्या ट्रेनिंग सेंटरमधून बाहेर पडले, सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि शेवटपर्यंत इंदूरला लोकमान्यनगरात राहिले. गेल्या नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला देऊन आले आणि त्याच महिन्यात गेले. "दाखला अजून वर्षभर चालला असता," असं मामा सांगतो. त्यावर हसायचं की नाही, हे घरात अजून ठरलेलं नाही.

मामाने आराखडाही पाठवलाय. भाग पहिला, सैनिक. भाग दुसरा, कुटुंबवत्सल माणूस. दिसायला सोयीचा आहे. पण गणवेशातला माणूस पहिल्या भागात आणि नातवंडांना शाळेत सोडणारा दुसऱ्या भागात अशी वाटणी केली, तर मधली पंचवीसेक वर्षं आजी संसार कोणाबरोबर करत होती? आराखडा सध्या बाजूला.

7 जून

ट्रंक उघडली. काळी, पत्र्याची, वर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. हुद्दा दोनदा खोडून नव्याने रंगवलाय, त्यामुळे नाईकाचा हवालदार आणि हवालदाराचा सुभेदार कसा झाला ते झाकणावरच वाचता येतं.

आत वर डिस्चार्ज बुक (फौजेतल्या नोकरीची नोंदवही), त्याखाली पेन्शनचे कागद, एका जुन्या मोज्यात मेडलं, टोपीचा बिल्ला (सिग्नल्सचा तो पळता देव, ज्याला सगळे जिमी म्हणतात) आणि तळाशी सुतळीने बांधलेले पत्रांचे गठ्ठे. इनलंड, पोस्टकार्डं आणि मनीऑर्डरीची कूपनं. डांबराच्या गोळ्या टाकलेल्या होत्या म्हणून कसर फार लागलेली नाही. टाचण्या मात्र गंजून कागदात रुतल्यात. त्या ओढायच्या नाहीत, मागून टोकं सरळ करून अलगद काढायच्या.

बरीचशी पत्रं कॉपिंग पेन्सिलीने लिहिली आहेत. फील्डमध्ये शाई-दौत कोण सांभाळणार! या पेन्सिलीचं अक्षर कोरडं असताना राखाडी दिसतं, पाणी लागलं की जांभळं होऊन पसरतं. म्हणजे चिकटलेल्या घड्या वाफेवर उघडायचा विचार सोडून द्यायचा. पाऊस सुरू व्हायच्या आत स्कॅनिंग उरकायला हवं. 600 डीपीआय, टिफ, फाइलचं नाव म्हणजे पत्राची तारीख.

12 जून

आज मेडलं. गोल मेडलांच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं, त्यामुळे कुणाची म्हणून वाद नाही. आधी सैन्य सेवा मेडल, रिबनवर 'हिमालय'ची पट्टी. मग रक्षा मेडल 1965, संग्राम मेडल, स्वातंत्र्याच्या पंचविशीचं मेडल, दीर्घ सेवेची दोन, नऊ वर्षांचं आणि वीस वर्षांचं. आणि एक तारा, पश्चिमी स्टार.

या ताऱ्यापाशी मी थांबले. आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी, की आप्पा 71 साली ढाक्याला होते आणि 93 हजार पाकिस्तानी सैनिकांनी शस्त्रं ठेवली ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. पूर्वेकडच्या आघाडीवर असलेल्यांना पूर्वी स्टार मिळाला. आप्पांकडे पश्चिमी आहे. त्या डिसेंबरातल्या पत्रांवर पत्ताही 'मार्फत 56 एपीओ' (एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस) असाच आहे. पूर्वेकडे असते तर 99 असता.

65 चंही तसंच. रक्षा मेडल त्या वेळी नोकरीत असलेल्यांना मिळालं. प्रत्यक्ष मोहिमेवर गेलेल्यांसाठी समर सेवा स्टार होता, तो मोज्यात नाही, डिस्चार्ज बुकातही त्याची नोंद नाही.

13 जून

मामाला फोन केला. शोकसभेत त्याने "तीन लढाया लढलेले" असं म्हटलं होतं, टाळ्याही पडल्या होत्या. आधी तो गप्प बसला, मग म्हणाला, "अगं, पण ढाक्याचं तर सगळ्या गल्लीला माहीत आहे!" विचारलं, आप्पांनी स्वतः कधी सांगितलं होतं का? तेव्हा आठवेना. सांगितलं होतं ते शेजारच्या काकांनी, गणपतीच्या मांडवात.

माझं मत: ढाका काढायचं. आप्पांना त्याची गरज नाही. पश्चिमेला 3 डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू झालेली लढाई 17 डिसेंबरच्या रात्री आठला थांबली. त्या दोन आठवड्यांत लाइनमनचं काम काय असतं, ते त्यांनीच मला एकदा गच्चीवर बसून सांगितलं होतं. टेलिफोनची तार जमिनीवरून टाकलेली असते. ती गोळ्यांनी तुटते, आणि आपल्याच ट्रकांखाली, रणगाड्यांखाली त्याहून जास्त तुटते. मग रात्री दोघं निघायचे, दिवा नाही. तार मुठीत धरायची आणि चालत राहायचं. तार हातातून संपली की तिथं तुटली. दुसरं टोक चाचपून शोधायचं, दोन्ही टोकं सोलून गाठ मारायची, टेलिफोन जोडून दोन्हीकडे बोलून बघायचं. "बोलणं आलं की परत. तोवर नाही." शत्रू दिसला होता का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मला तार दिसत नव्हती, शत्रू कुठला दिसतोय!"

ढाक्याच्या फोटोपेक्षा मला हे पान जास्त मोलाचं वाटतं. मामा "बघू" म्हणालाय.

22 जून

पत्रं तारखेने लावून झाली. बाहेर पहिला जोराचा पाऊस, खोलीत पंखा बंद, सगळीकडे कागद.

लग्नानंतरची पहिली कितीतरी वर्षं एकही पत्र आजीला नाही. सगळी तिच्या सासऱ्यांना. "तीर्थरूप बाबांस शि. सा. न. वि. वि. मी येथे मजेत आहे. आपली सर्वांची खुशाली कळवावी." मग थंडी किंवा ऊन, मग पैशांचा हिशेब: अलॉटमेंटची (पगारातून घरासाठी लावून दिलेल्या रकमेची) मनीऑर्डर मिळाली का, वाण्याचं किती फिटलं, धाकट्याची फी भरली का. आपण कुठे आहोत याबद्दल अवाक्षर नाही, लिहायची परवानगीच नव्हती. आणि तळाशी, कागद संपत आल्यावर: "घरात सर्वांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद." त्या 'सर्वां'त आजी.

हे पत्र पुढच्या खोलीत मोठ्याने वाचलं जायचं. आजी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून ऐकायची.

29 जून

पत्रांत एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं: "मोरांबा संपवू नये." कधी जानेवारीत, कधी ऑगस्टात, आंब्यांशी काही संबंध नसताना. मी त्याची वेगळी यादी केली आणि डिस्चार्ज बुकापेक्षा जास्त बोलणाऱ्या आमच्या साक्षीदाराकडे गेले.

आजी हसायलाच लागली. "रजा मंजूर झाली की ते लिहायचे. सरळ लिहिलं आणि ऐन वेळी रजा रद्द झाली, तर सासूबाई जेवायच्या नाहीत. म्हणून मोरांबा. मामंजी म्हणायचे, ह्याचा सगळा जीव त्या बरणीत आहे."

"तुमचं ठरलं होतं असं?"

"ठरवायला भेटत कुठे होतो? एकदा लिहिलं, मग आले. दुसऱ्यांदा लिहिलं, मग आले. तिसऱ्यांदा मी आधीच पोलकी शिवून घेतली."

सिग्नलवाल्याचा संदेश सिग्नलवाल्याच्या बायकोला पोहोचला, सेन्सॉर आणि सासरा दोघांच्या डोळ्यांदेखत. त्यांच्या कोअरचं ब्रीद आहे 'तीव्र चौकस'. त्या घरात कोण चौकस होतं ते दिसतंच आहे.

6 जुलै

आषाढी. आजीचा उपास, साबुदाण्याची खिचडी, आणि तिला निवांत वेळ. कामातली मोठी अडचण आज तिच्यासमोर मांडली. गठ्ठ्यात फक्त आप्पांची पत्रं आहेत, तिची उत्तरं एकही नाहीत. सासरे गेल्यावर आप्पा थेट तिला लिहू लागले, तीही लिहायची, पण तिकडे पोहोचलेली पत्रं टिकली नाहीत. फील्डमधून हलायचं म्हटलं की पाठीवर मावेल तेवढंच न्यायचं. आप्पा पत्र पाठ होईपर्यंत वाचायचे आणि जाळून टाकायचे. तसं त्यांनीच एका पत्रात लिहिलंय: "तुझे पत्र शेकोटीस दिले, राग नसावा."

म्हणजे पुस्तिकेत एकच बाजू बोलणार. हिशेब विचारणारा, सूचना देणारा, काळजी करणारा नवरा दिसणार, आणि त्या सूचनांचं पुढे काय झालं ते दिसणारच नाही. आम्ही 'कुटुंबवत्सल' म्हणून ज्याचं कौतुक करतोय ते सगळं कागदावर आहे. ते अमलात आणणारी बाई कागदावर कुठेच नाही.

आजी म्हणाली, "मग वाच ना मला. मी सांगते काय लिहिलं होतं."

13 जुलै

आता रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर. मी एक पत्र वाचते, मोबाइल रेकॉर्डिंगला लावलेला असतो, आजी उत्तर देते. सगळं तिला नक्की आठवतं असं नाही. काही वेळा ती तेव्हा काय लिहिलं ते सांगते, काही वेळा काय लिहायला हवं होतं ते. मी दोन्ही वेगळं नोंदवत नाही, तीच थांबून सांगते, "हे आत्ताचं हं."

नमुना. 20 डिसेंबर 1971 चं पत्र, कॉपिंग पेन्सिल, एका कोपऱ्यावर जांभळा डाग: "येथे आता शांत आहे. माझी प्रकृती उत्तम. तारेने हात थोडे सोलले आहेत, मुलांस सांगू नये. छपराचे पन्हळ पावसाळ्यापूर्वी बदलून घेणे." 

आजी: "लढाई संपून तीन दिवस झालेत, हा माणूस जिवंत आहे की नाही ते आम्हाला पत्र येईपर्यंत माहीत नाही, आणि पन्हळ! मी लिहिलं, पन्हळ मागच्याच महिन्यात बदललंय. हाताला खोबरेल लावा. आणि मुलांना सांगितलंय, कारण ती विचारत होती."

पत्र डाव्या पानावर, उत्तर उजव्या पानावर. पुस्तिकेचा आकार आज ठरला. मामाचे दोन भाग गेले.

24 जुलै

डिस्चार्ज बुकातल्या आणि बाकी कागदांतल्या तारखा पत्रांशी जुळवून पाहिल्या. लष्करात जवानाचं लग्न झालं किंवा मूल झालं की ते 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये छापून येतं. तसं आलं नाही तर त्या बायकोला आणि मुलाला सरकारदरबारी अस्तित्वच नाही. आप्पांनी प्रत्येक ऑर्डरचा उतारा जपून ठेवलाय. किंड्रेड रोलची नक्कलही आहे, म्हणजे नातलगांची यादी.

आईच्या जन्माचे तीन कागद सापडले. आजीच्या सासऱ्यांनी पाठवलेली तार, मुलगी झाली, दोघी सुखरूप. तिच्यानंतर काही आठवड्यांची पार्ट टू ऑर्डर. आणि रजेचा दाखला, जन्मानंतर पाच महिन्यांचा. आधी तारेने कळलं, मग फौजेला कळवलं, मग बघायला मिळालं. दुसऱ्यांच्या तारा जोडण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला स्वतःची मुलगी आधी तारेनेच भेटली. आईला हे तिन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. ती म्हणाली, "मला सांगतात की पाच महिन्यांची असताना मी त्यांच्याकडे जाईचना. मिश्यांना घाबरायची." हे पान तिचं.

3 ऑगस्ट

आजीला घेऊन महूला गेलो, गाडी मामाची. महू म्हणजे आता कागदोपत्री डॉ. आंबेडकर नगर, पण आजीच्या तोंडी महूच. इंदूरपासून तासाभरात पोहोचलो, राऊच्या चौकात गर्दी होती तरी.

इथल्या सिग्नलच्या कॉलेजात (आधीचं स्कूल ऑफ सिग्नल्स, आता मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग) आप्पा हवालदार असताना इन्स्ट्रक्टर होते. पीस पोस्टिंग, म्हणजे आघाडीपासून दूरची नेमणूक, आणि फॅमिली क्वार्टर. सगळ्या नोकरीत नवरा, बायको, मुलं सलग एका छपराखाली राहिली ती इथेच. आत जायची परवानगी नाही, म्हणून गाडी बाहेरच्या रस्त्याने हळू नेली. आजी काचेतून दाखवत होती: तिकडे कॅन्टीन, तिथून रॉकेल, तिथे मुलांची शाळा. "इथे मी पहिल्यांदा ह्यांना रोज जेवायला वाढलं. चार दिवसांनी कळलं, ह्यांना कारलं आवडत नाही. लग्नाला किती वर्षं झाली होती तेव्हा!"

परतताना भीम जन्मभूमी स्मारकावर थांबलो. 14 एप्रिल 1891 ला बाबासाहेब जन्मले ते याच छावणीत. वडील रामजी सकपाळ सुभेदार, बाबासाहेब त्यांचं चौदावं अपत्य. मामा दहावीत बीजगणितात गडगडला तेव्हा आप्पांनी त्याला मारलं नाही, रागावलेही नाहीत. इथे आणून उभं केलं आणि म्हणाले, "सुभेदाराचा पोरगा काय करू शकतो ते बघून घे. मग घरी जाऊ." मामाने आज ते स्वतःच सांगितलं. पुढे तो गणितात पास झाला, पण त्याचं श्रेय तो शिकवणीच्या सरांना देतो.

17 ऑगस्ट

निवृत्तीनंतरची पानं. मला वाटलं होतं इथे सगळं सोपं असेल. आप्पा घरी आले, एका बँकेत सुरक्षारक्षकाची नोकरी धरली, सकाळी दूध, संध्याकाळी नातवंडं. आम्ही नातवंडांनी पाहिलेले आप्पा हेच.

आजीला विचारलं तर म्हणाली, "पहिलं वर्ष फार वाईट गेलं. लिहू नकोस." मग स्वतःच म्हणाली, "लिही. खरं ते लिही."

इतकी वर्षं घर तिने चालवलं होतं. कुणाला किती द्यायचं, मुलीला कुठल्या कॉलेजात घालायचं, गळती कुठे आहे, सगळं तिच्या डोक्यात. आणि आता एक माणूस पहाटे साडेचारला उठून चादरींच्या घड्या एका मापात आहेत का ते बघतोय. डब्यांवर चिठ्ठ्या लावतोय. पाहुण्यांसमोर "हे असं का?" विचारतोय. आजीने एके दिवशी किल्ल्यांचा जुडगा त्यांच्यापुढे ठेवला आणि बहिणीकडे उज्जैनला निघून गेली. चौथ्या दिवशी इनलंड आलं. उज्जैन किती लांब, बसने दोन तास, तरी इनलंड! घरात फोन होता बहिणीच्या. पण त्यांना पत्रातच बोलता यायचं.

ते इनलंड गठ्ठ्यात नाही. आजीच्या कपाटात आहे आणि ती ते दाखवणार नाही. एवढंच सांगितलं की किल्ल्या परत आल्या आणि डब्यांवरच्या चिठ्ठ्या राहिल्या, "कारण त्या बऱ्या होत्या."

मागच्या अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या दोरीचा फोटो काढला. ती दोरी नाही, फील्ड टेलिफोनची काळी पिळाची तार आहे, आप्पांनी बांधलेली. मधे एक जोड आहे. जवळून पाहिलं: रीफ नॉट, वर बारीक तारेचे वेढे एकाला एक चिकटून, त्यावर काळी पट्टी. ओल्या चादरींच्या वजनाने तार झोळ धरते, पण जोड सरकलेला नाही. मुखपृष्ठावर गणवेशातला फोटो हवा असं मामा म्हणतोय. तो मलपृष्ठावर घेऊ, पुढे हा जोड.

14 सप्टेंबर

पितृपक्ष, प्रेस मंद, कामही मंद. मधल्या काळात आजीच्या फॅमिली पेन्शनच्या मागे धावण्यात वेळ गेला. लग्नात तिचं नाव बदललं. पार्ट टू ऑर्डरमध्ये माहेरचं नाव पडलं, आधारवर सासरचं. एका काउंटरवरून दुसऱ्या काउंटरवर. शेवटी प्रतिज्ञापत्र झालं, कामही झालं. आप्पांनी ऑर्डरचे उतारे जपले नसते तर आणखी कितीतरी लांबलं असतं. घरात ज्यांचे ज्यांचे असे कागद असतील त्यांनी माणूस असतानाच नावं जुळवून घ्या, एवढं इथे लिहून ठेवते.

12 ऑक्टोबर

मांडणी झाली. डावीकडे पत्र, उजवीकडे आजी. जिथे तिला काहीच आठवलं नाही तिथे उजवं पान कोरं सोडलंय. प्रेसवाल्याने पुन्हा पुन्हा विचारलं, पान चुकून राहिलं का? नाही, राहू द्या.

मेडलांचं एकच पान, प्रत्येकाखाली ते कशासाठी मिळालं तेवढं. ढाक्याचा उल्लेख नाही. मामाने मंजुरी दिली, पण मेडलं रंगीत छापायला लावली. त्याचे पैसे वेगळे, तेही त्याचेच.

2 नोव्हेंबर

प्रूफ आलं. आजीने भिंग घेऊन दोन दुपारी वाचलं. आप्पांच्या अक्षरातल्या चुका मी सुधारल्या होत्या त्या तिने पूर्ववत करायला लावल्या. मोरांब्याचं पान वाचून म्हणाली, पोलक्याचा रंग घाल, जांभळा होता.

मग 1974 च्या पत्रापाशी बोट ठेवलं. त्यात आप्पांनी मामाला लिहिलंय, "सायकल घेणार, धीर धर." त्याखाली मी टीप दिली होती की त्याच दिवाळीत आप्पांनी मामाला सायकल घेऊन दिली. मामा ही गोष्ट आयुष्यभर सांगत आलाय, त्याच्या मुलांनाही पाठ आहे.

"खोड ते," आजी म्हणाली. "ह्यांचे पैसे आलेच नाहीत त्या वर्षी, नणंदेच्या लग्नात गेले. सायकल मी घेतली, शिवणाच्या पैशांतून. ह्यांना लिहिलं होतं, तुमच्या नावाने देते, म्हणून. उजव्या पानावर घाल हे. आणि मामाला पुस्तिका हातात पडल्यावरच कळू दे."

दुरुस्ती करून फाइल रात्री प्रेसला पाठवली.